गोबरगॅसवर आणखी एक बर्नर जोडताय? आधी पाईप मोजा



रेडिओवर आकडे सांगितले की कागद-पेन्सिल शोधेपर्यंत पुढचं बोलणं निघून जातं. म्हणून हा विषय या पत्रकात सविस्तर देत आहोत. विषय तसा लहान दिसतो, पण त्यात पैसा आहे, इंधन आहे आणि जिवाचा प्रश्नही आहे.

पनवेल तालुक्यातल्या कोनसारख्या गावाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला महामार्गाची वर्दळ, दुसऱ्या अंगाला सावळा-रसायनीकडे जाणारा रस्ता, आणि मध्ये भातखाचरं राखून असलेली घरं. अशा एखाद्या घरी दावणीला पाच गुरं आहेत, गोठ्यामागे २ घनमीटरचं गोबरगॅस संयंत्र आहे. दोन बर्नरची शेगडी वर्षानुवर्षं नीट चालली. मग घरच्यांनी ठरवलं, की आंघोळीच्या पाण्यासाठी चूल कशाला पेटवायची? बंबाला लाकूड कशाला फोडायचं? पाणी तापवायला एक मोठा बर्नर याच पाईपला जोडून टाकू.

जोडला. पहिल्या दिवशी सकाळी पाण्याचा बर्नर पेटवला आणि स्वयंपाकघरातली ज्योत एकदम बसली. भाकरी तव्यावर कोरडी पडायला लागली. घरात एकच बोलणं सुरू झालं, “गॅस कमी पडतोय, संयंत्र लहान आहे, मोठं बांधायला हवं.”

थांबा. मोठं संयंत्र बांधायच्या आधी पाईपकडे बघा. पुष्कळदा टाकी भरलेली असते, गॅस पुरेसा असतो, पण तो शेगडीपर्यंत पोचायची वाट अरुंद असते. दोष पाईपचा, आणि बोल लागतो संयंत्राला.

गॅस तुम्हाला नवा नाही

आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ साली मैल्यापासून गॅस धरून वापरात आणला होता. १९६० नंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचं संयंत्र गावोगाव नेलं. १९८१-८२ पासून सरकारची राष्ट्रीय योजना आली. १९८४ च्या सुमारास घुमटाचं, जमिनीत बांधायचं ‘दीनबंधू’ संयंत्र पुढे आलं. संयंत्र कसं बांधावं, शेणकाला कसा कालवावा, यावर पुष्कळ सांगून झालं आहे. टाकीपासून चुलीपर्यंतच्या पाईपबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. गवंडी संयंत्र बांधून जातो, आणि पाईप घरात पडलेला असेल तोच लागतो.

पाईप म्हणजे पाट

शेतातल्या पाटाचा विचार करा. पाटाच्या तोंडाशी भरपूर पाणी आहे, पण पाट वीतभर रुंद. एकच वाफा भिजवायचा असेल तर चालतं. दोन-तीन वाफ्यांची तोंडं एकदम उघडली की शेवटच्या वाफ्याला ओल लागत नाही. विहिरीत पाणी कमी नाही, पाट अरुंद आहे.

गॅसचंही तसंच. टाकीच्या वजनाने गॅसवर दाब येतो. हा दाब फार थोडा असतो. तरंगत्या टाकीच्या संयंत्रात तो साधारण ८० ते १०० मिलिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे नळीतलं पाणी तो फक्त चार बोटं वर उचलेल, एवढाच. गॅस पाईपमधून वाहताना भिंतीला घासतो आणि हा दाब वाटेत खर्च होतो. उरलेला दाब शेगडीला मिळतो. वाटेत २० मिलिमीटरपेक्षा जास्त खर्च होऊ नये, असा हिशेब धरावा.

यातल्या दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा.

एक : गॅस दुप्पट ओढला की वाटेतली घट दुप्पट होत नाही, ती तिप्पट-चौपट होते. म्हणून ‘एक बर्नर चालतो तर दोन का नाही’ हा हिशेब चुकतो.

दोन : पाईपची जाडी थोडी वाढवली की घट पुष्कळ उतरते. अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच घेतला तर तेवढ्याच गॅसला घट साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. लांबी निम्मी केली तर घट फक्त निम्मी होते. म्हणजे पैसा घालायचाच असेल तर तो जाडीत घालावा.

पहिला हिशेब : दिवसाला गॅस किती?

पाईप कितीही जाड टाकला तरी नसलेला गॅस त्यातून येणार नाही. म्हणून आधी रोजचा जमाखर्च मांडा.

जमा : एक किलो ओल्या शेणापासून साधारण ०.०४ घनमीटर, म्हणजे ४० लिटर गॅस मिळतो. रोज ५० किलो शेण घातलं तर २ घनमीटर. एका मोठ्या जनावराचं रोजचं शेण १० किलो धरतात. पण जनावर दिवसभर चरायला गेलं तर निम्मं शेण रानातच राहतं, आणि आपल्याकडची लहान चणीची गुरं शेणही कमी देतात. म्हणून गुरं मोजू नका, शेणाच्या पाट्या मोजा. एक पाटी काट्यावर घालून बघा आणि आठवडाभर मोजून सरासरी काढा.

खर्च : स्वयंपाकाला दर माणशी दिवसाला पाव घनमीटर धरा. पाच माणसांचं घर असेल तर सव्वा घनमीटर.

आता आंघोळीचं पाणी. पाच माणसांना मिळून ७५ लिटर कोमट पाणी लागतं असं समजा. थंडीतलं २२ अंशांचं पाणी ४२ अंशांवर न्यायचं. त्याला १५०० किलोकॅलरी उष्णता लागते. उघड्या बर्नरवर निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते, म्हणून ३००० किलोकॅलरीचा गॅस जाळावा लागतो. गोबरगॅसच्या एका घनमीटरात सुमारे ४७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे रोज साधारण ०.६५ घनमीटर.

बेरीज करा : सव्वा आणि ०.६५ मिळून १.९ घनमीटर. जमा २ घनमीटर. बसतं, पण जेमतेम. पाहुणे आले किंवा एक जनावर विकलं की गाडी अडली. अशा वेळी भांड्यावर झाकण ठेवा, बर्नरला वाऱ्याचा आडोसा करा, आणि जुना बंब भंगारात देऊ नका. जमा खर्चापेक्षा कमी निघाली तर बर्नर जोडायचा विचार इथेच सोडून द्या. पाईप बदलून काही फायदा होणार नाही.

दुसरा हिशेब : एका वेळी, तासाला किती?

पाईपची जाडी दिवसाच्या गॅसवर ठरत नाही. एका वेळी जे जे पेटलेलं असेल त्याच्या बेरजेवर ठरते. ढोबळ आकडे असे :

घरगुती शेगडीचा एक बर्नर : तासाला ०.४५ घनमीटर
गॅसची बत्ती, एका जाळीची : तासाला ०.१३ घनमीटर
पाणी तापवायचा मोठा बर्नर : तासाला सुमारे १ घनमीटर (बर्नरवर लिहिलेला आकडा असेल तर तोच धरा)

आपल्या उदाहरणातल्या घरात शेगडीचे दोन बर्नर, म्हणजे ०.९ आणि पाण्याचा १ घनमीटर. सगळं एकदम पेटलं तर तासाला १.९, सोयीसाठी २ घनमीटर धरू.

इथे एक बिनपैशाचा उपाय सुचतो. पाणी पहाटे तापवून घेतलं, आणि ते झाल्यावर शेगडी पेटवली, तर एका वेळी १ घनमीटरच ओढला जाईल. मग जुना पाईप पुरेल. पण खरं बोलायचं तर शाळा आणि कामाच्या वेळेला चहा, भाकरी आणि आंघोळ एकदमच निघते. घरातल्या बायांना विचारा. कोणता बर्नर कधी पेटतो हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि ज्योत बसल्याचा त्रासही त्यांनाच होतो.

तिसरा हिशेब : पाईपची लांबी

टाकीपासून शेगडीपर्यंत दोरी लावून मोजा. पाईप जसा वळत गेला आहे तशीच दोरी न्या, सरळ रेषेत नको. त्यात दर एल्बोमागे अर्धा ते पाऊण मीटर जादा धरा, कारण वळणावर गॅस जास्त घासतो. आपल्या घरी ३० मीटर पाईप आणि सहा-सात एल्बो आहेत असं समजू. हिशेबाला ३५ मीटर धरा.

आता खालचा तक्ता बघा. दर १० मीटर पाईपमागे किती मिलिमीटर दाब खर्च होतो ते यात दिलं आहे. आकडे गोबरगॅससाठी, लोखंडी जस्ती पाईपचे आणि ढोबळ आहेत.

तासाला ०.५ घनमीटर : अर्धा इंची १ मिमी; पाऊण इंची अर्ध्याहून कमी; एक इंची नगण्य
तासाला १ घनमीटर : अर्धा इंची ३ मिमी, पाऊण इंची १ मिमी, एक इंची नगण्य
तासाला १.५ घनमीटर : अर्धा इंची ७ मिमी; पाऊण इंची २ मिमी; एक इंची अर्धा मिमी
तासाला २ घनमीटर : अर्धा इंची ११ मिमी; पाऊण इंची ३ मिमी; एक इंची १ मिमी
तासाला ३ घनमीटर : अर्धा इंची २५ मिमी, पाऊण इंची ६ मिमी, एक इंची २ मिमी

आपल्या घराचा हिशेब करू. नुसती शेगडी होती तेव्हा तासाला सुमारे १ घनमीटर, अर्धा इंची पाईप : १० मीटरला ३, म्हणून ३५ मीटरला साधारण १० मिमी. वीसच्या आत आहे, म्हणून इतकी वर्षं तक्रार नव्हती.

बर्नर जोडल्यावर २ घनमीटर, तोच पाईप : १० मीटरला ११, म्हणून ३५ मीटरला ३८ मिमी. शंभरातले अडतीस वाटेतच गेले. प्रत्यक्षात ज्योत बसते, गॅस थोडा कमी ओढला जातो आणि घट काहीशी उतरते. पण ज्योत बसणं हाच तर आपला तोटा आहे.

पाऊण इंची पाईप टाकला तर : १० मीटरला ३, म्हणून ३५ मीटरला १० मिमी. काम झालं.

सगळा पाईप बदलायलाच हवा असंही नाही. टाकीपासून पहिल्या फाट्यापर्यंत दोन्हीकडचा गॅस जातो. तेवढा मधला पाईप पाऊण इंची करा. फाट्यापुढे शेगडीकडे जुना अर्धा इंची राहू द्या, बर्नरकडेही अर्धा इंची न्या. पाट मोठा आणि चाऱ्या लहान, हीच रीत. दुसरा मार्ग म्हणजे जुना पाईप तसाच ठेवून टाकीजवळूनच बर्नरसाठी अर्ध्या इंचाची वेगळी लाइन काढायची. दोन्ही मार्गांचा खर्च दुकानात विचारून ताडून बघा. पुढे तिसरं काही जोडायचा विचार असेल तर आजच मधला पाईप एक इंची टाका. चर खणायची मजुरी दोनदा लागणार नाही.

पाईप घेताना एक फसगत टाळा. लोखंडी पाईपचा अर्धा इंच, पाऊण इंच हा ढोबळमानाने आतल्या पोकळीचा आकडा असतो. काळ्या प्लास्टिक पाईपवर लिहिलेले २०, २५, ३२ मिलिमीटर हे बाहेरून मोजलेले असतात. पाऊण इंची लोखंडी पाईपच्या जागी २५ मिलिमीटरचा प्लास्टिक पाईप लागेल, २० चा नव्हे. तांब्याचा पाईप गोबरगॅसला नको. गॅसमधल्या गंधकाच्या वायूने तांबं खराब होतं.

शेवटची दीड मीटर

पुष्कळ जण पाईप बदलतात आणि शेगडीजवळची रबरी नळी तशीच ठेवतात. नळीची पोकळी ८ मिलिमीटरची असेल, तर दोन बर्नर पेटल्यावर त्या दीड मीटरमध्ये ११ मिमी दाब जातो. तीस मीटर अर्धा इंची पाईपमध्ये जातो, त्याहून हा जास्तच. तीच नळी १२ मिलिमीटर पोकळीची घेतली तर घट दीड-दोन मिमीवर येते. चाळीस पावलांचा पाईप बदलायच्या आधी ही दोन हातांची नळी बदलून बघा.

तरंगत्या टाकीवरून खाली येणारी लवचिक नळीही तपासा. टाकी खाली बसली की ती मुडपते का? मुडपली तर सकाळी टाकी भरलेली असताना ज्योत चांगली आणि संध्याकाळी बारीक, असा प्रकार होतो. कॉकही पूर्ण भोकाचा घ्या. अरुंद तोंडाचा जुना कॉक दाब खातो.

अंदाज नको, मापून बघा

दोष पाईपचा की संयंत्राचा, हे ओळखायचं साधन घरीच करता येतं. एक-सव्वा मीटर पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी घ्या. फळीवर यू आकारात बसवा, मागे मिलिमीटरच्या खुणांचा कागद चिकटवा आणि नळीत निम्म्यापर्यंत पाणी भरा. दिसायला सोपं म्हणून चिमूटभर कुंकू टाका. शेगडीच्या कॉकअलीकडे प्लंबरकडून एक लहान टी बसवून घ्या, त्याला नळीचं एक टोक जोडा, दुसरं टोक उघडं ठेवा. जोडताना जवळपास विस्तव नको.

दोन्ही बाजूंच्या पाण्यातला उंचीचा फरक म्हणजे दाब. एकच बाजू मोजू नका, दोन्हींतला फरक मोजा.

आधी सगळं बंद ठेवून मोजा. मग सगळे बर्नर पूर्ण उघडून पेटवा आणि मोजा.

• बंद असताना ९५ आणि पेटल्यावर ७५ च्या वर : पाईप ठीक आहे. ज्योत तरीही वाईट असेल तर बर्नरचं भोक, हवेची खिडकी किंवा काजळी बघा.

• बंद असताना ९५ आणि पेटल्यावर ५५ : पाईप, नळी किंवा कॉक अरुंद आहे.

• बंद असतानाच ३०-४० : टाकी तळाला टेकली आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पाईप बदलून उपयोग नाही.

• पेटल्यावर पाणी वर-खाली नाचतं आणि ज्योतही नाचते : पाईपात पाणी साचलं आहे.

घुमटाच्या दीनबंधू संयंत्रात दाब पुष्कळ जास्त असतो आणि गॅस वापरला तसा उतरत जातो. तिथे नळी अडीच-तीन मीटर लांब घ्या, नाहीतर पाणी उडून जाईल, आणि दोन्ही मापं लगोलग घ्या.

काही जण दाब वाढवायला टाकीवर धोंडे ठेवतात. सव्वा मीटर व्यासाच्या टाकीवर १२ किलो वजन ठेवलं तर दाब १० मिमीने वाढतो. म्हणजे पाईपने खाल्लेले ४० मिमी भरून काढायला ५० किलोचे धोंडे लागतील. टाकी कलंडते, मधल्या खांबावर अडकते, कडेने गॅस सुटतो. पाट अरुंद म्हणून विहिरीवर ओझं ठेवण्यासारखंच हे झालं. ते करू नका.

पावसाळा आणि पाईपातलं पाणी

गोबरगॅस ओला असतो. गार पाईपात आला की त्याचं दव धरतं. दिवसाला थेंब थेंब करत महिन्याकाठी पाव-अर्धा लिटर पाणी जमू शकतं. पाईपात कुठे झोळ असला तर तिथे पाणी बसतं आणि पाऊण इंची पाईपही मग चिमटल्यासारखा होतो. कोकणातल्या पावसात चरातली माती खचते, आणि मृगात सरळ असलेला पाईप हस्तापर्यंत झोळ खातो.

म्हणून पाईपला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या, संयंत्राकडे किंवा ठरवलेल्या सखल जागेकडे. सर्वांत खालच्या जागी टी बसवून त्याला पाणी सोडायचा कॉक ठेवा. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा पाणी सोडा, आणि पाणी संपून गॅस येऊ लागला की लगेच बंद करा. प्लास्टिक पाईप उन्हात उघडा ठेवू नका. हातभर खोल चरात, खाली माती चोपून, वर विटांची रांग लावून पुरा. खणताना कुदळ लागणार नाही आणि उंदीर-घुशीही कुरतडणार नाहीत.

बर्नर न्हाणीघरात नको

आता सर्वांत महत्त्वाचं. पाणी तापवायचा बर्नर किंवा गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. जळायला हवा लागते. लहान बंद खोलीत हवा संपत आली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करणाऱ्याला जड वाटतं, गुंगी येते, आणि दार आतून बंद असतं. शहरांतून अशा रीतीने तरणीताठी माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस शेणाचा असो, सिलिंडरचा असो की पाईपने येणारा, धोका तोच.

बर्नर मागीलदारी, पडवीत, वाऱ्याचा आडोसा करून पण दोन बाजूंनी हवा खेळेल असा ठेवा. पाणी बादलीने आत न्या. चार पावलं जास्त पडतील, पण जीव सुरक्षित राहील.

नव्या जोडणीच्या दिवशी हे पाळा :

१. टाकीजवळचा मुख्य कॉक बंद करा. आसपास बिडी, दिवा, चूल काहीही नको.
२. जोड पूर्ण झाल्यावर साबणाचा फेस लावून गळती बघा. काडी ओढून गळती शोधू नका.
३. नव्या पाईपात हवा भरलेली असते. हवा आणि गॅस मिसळून पेट घेतला तर भडका पाईपात मागे जातो. खिडक्या-दारं उघडी ठेवून थोडा गॅस न पेटवता बाहेर जाऊ द्या. खोलीतला वास पूर्ण गेल्यावरच काडी लावा.
४. प्रत्येक बर्नरला स्वतंत्र कॉक आणि टाकीजवळ एक मुख्य कॉक हवाच. रात्री मुख्य कॉक बंद करूनच झोपा.

सिलिंडरचा आणि नळाचा गॅस

बाजारातला सिलिंडरवर चालणारा गीझर गोबरगॅसला तसाच जोडू नका. गोबरगॅसमध्ये उष्णता कमी, म्हणून त्याच्या बर्नरचं भोक मोठं आणि हवेचं प्रमाण वेगळं लागतं. घरी भोक कोरून मोठं करू नका. गोबरगॅससाठी म्हणूनच बनवलेला बर्नर घ्या. आणि सिलिंडरची नळी गोबरगॅसच्या पाईपला कधीही जोडू नका. सिलिंडरच्या रेग्युलेटरनंतरचा दाब सुमारे ३०० मिमी, म्हणजे तुमच्या टाकीच्या तिप्पट असतो.

मुंबई, ठाणे, नवी मुंबईत आणि रायगडातल्या काही वस्त्यांत नैसर्गिक वायू पाईपने घरात येतो. बॉम्बे हायचा वायू आपल्या शेजारच्या उरणलाच किनाऱ्यावर उतरतो. घराजवळ ही लाइन आली आणि तुम्ही जोडणी घेतली, तर हिशेबाची रीत हीच : एका वेळी तासाला किती, लांबी किती, घट किती. आकडे मात्र वेगळे. त्या वायूत गोबरगॅसच्या जवळजवळ दुप्पट उष्णता असते, तो वजनाने हलका असतो, आणि घरात सुमारे २१० मिमी दाबाने येतो. म्हणून तेवढ्याच कामाला बारीक पाईप पुरतो, आणि वरचा तक्ता त्याला लागू करू नये. नवा गीझर जोडायचा असेल तर पाईपला आणि मीटरला हात न लावता कंपनीकडे अर्ज करा, गीझर तासाला किती वायू ओढतो ते सांगा, आणि ‘मीटर व पाईप हा भार सोसतील का’ असं स्पष्ट विचारा. गावातल्या प्लंबरकडून परस्पर फाटा काढून घेऊ नका.

थोडक्यात, ध्यानात ठेवा

• आधी शेणाच्या पाट्या मोजा. रोजचा गॅस पुरत नसेल तर नवा बर्नर नको.
• एका वेळी पेटणाऱ्या सगळ्या बर्नरची बेरीज करा.
• पाईप वळणांसकट मोजा, तक्त्यात घट बघा. सगळी मिळून २० मिमीच्या आत ठेवा.
• मोठा खर्च करण्याआधी रबरी नळी, कॉक आणि पाईपातलं पाणी तपासा.
• बर्नर उघड्या पडवीत ठेवा, न्हाणीघरात नाही.

संयंत्र मोठं करायला खड्डा, विटा, सिमेंट आणि आणखी गुरं लागतात. पाईप जाड करायला एका दिवसाची मजुरी आणि थोडे मीटर पाईप लागतो. कोणता खर्च करायचा ते यू-नळीतलं पाणी तुम्हाला सांगेल. पत्रक जपून ठेवा, आणि शेजारच्या घरी गोबरगॅस असेल तर त्यांनाही वाचायला द्या.